जोडसायकलची पुढची बाई

वहिनी लोकांना मोटार चालवायला शिकवते. तिचं अर्धं आयुष्य शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर गेलं आहे. तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि तोंडात दोन-तीन ठरलेली वाक्यं असतात. "जमतंय. छान जमतंय. पुढे काहीसुद्धा नाही, चला." समोरून बस अंगावर येत असली तरी ही वाक्यं ती त्याच सुरात म्हणते आणि तेवढ्यात पाय हळूच ब्रेकवर दाबते. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. तो खूश, बसवालाही खूश, आणि वहिनी रुमालाने कपाळ टिपते. तिच्या हाताखाली अर्धं गाव शिकलं, पण एकाच्याही गाडीला साधा ओरखडा आला नाही. याचा तिला अभिमान आहे आणि तो ती लपवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला भीती कशी वाटत नाही हो?" ती म्हणाली, "वाटते की. सांगत नाही एवढंच."

हे 'सांगत नाही एवढंच' पुढे तिच्या चांगलंच अंगाशी आलं.

वहिनी म्हणजे वन्संची वहिनी, आणि वन्सं म्हणजे तिची नणंद. वन्सं तिच्यापेक्षा लहान. तरी लग्न होऊन आली त्या दिवसापासून वहिनी त्यांना अहो-जाहो करते आणि वन्सं मात्र तिला बिनधास्त 'अगं वहिनी' म्हणतात. हे कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं तोंडात बसलं आणि तसंच राहून गेलं. वन्संना दिसत नाही. शाळेत असताना आधी फळा धूसर झाला, मग पुस्तक, मग सगळंच. आता त्या मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसतात. कानाला फोन, बोटं बटणांवर. बोलणाऱ्याच्या पहिल्या 'हॅलो'वरून त्या ओळखतात, की हा डॉक्टर खरंच निघालाय, की 'निघालोच' म्हणत अजून अंघोळीला जातोय. इस्पितळात त्यांचा दरारा आहे. त्यांच्याशी थापा मारून कोणी सुखाने सुटलेला नाही.

एका सकाळी तिथे एका शर्यतवाल्याचा फोन आला. डोंगराच्या रस्त्यावर दिवसभर उभी राहील अशी एक अँब्युलन्स हवी होती. वन्संनी विचारलं, कसली शर्यत? तो म्हणाला, ट्रायथलॉन, लांब पल्ल्याची. आधी तळ्यात पोहायचं, मग डोंगरातून सायकल मारायची, मग धावायचं. सगळं एकाच दिवशी, मध्ये न थांबता. "पण असं करायचं कशाला?" वन्संनी विचारलं. ते काही त्याला नीट सांगता आलं नाही. पण बोलता बोलता तो म्हणाला, की मागच्या खेपेला दोन बायका जोडसायकलवर आल्या होत्या आणि मागे बसलेलीला दिसत नव्हतं. वन्संनी फोन अँब्युलन्सच्या विभागाला जोडून दिला. त्या दिवशी त्यांनी दोन चुकीचे फोन जोडले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि विषय काढला.

"वहिनी, पोहायला तूच मला शिकवलंस ना?"

"हो. का?"

"आणि सकाळी मैदानावर आपण मनगटाला दोरी बांधून पळतोच ना?"

"पळतो. झालंय काय?"

"म्हणजे फक्त सायकलच राहिली," वन्सं म्हणाल्या. एखादी बाई बाजारातून फक्त कोथिंबीरच राहिली म्हणेल, तशा.

वहिनीने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती पोहण्याच्या तलावावरच्या राखणदाराची मुलगी. कोणी पाण्याकडे बघून 'मला जमेल का' असं विचारलं, की तिच्या तोंडून 'जमेल' हाच शब्द निघतो. तो निघाला आणि प्रकरण सुरू झालं.

जोडसायकल मिळाली ती तळ्याकाठच्या भाड्याच्या दुकानात. मागच्या शेडमध्ये गंज खात पडली होती. वन्संचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो. गावभराच्या लोकांना बटण दाबून वर नेणारा हा माणूस आता बायकोला आणि बहिणीला पाय मारत डोंगरावर पाठवायला निघाला, आणि त्याला त्याचंच कोण कौतुक. त्याने सायकल स्वयंपाकघरात आणली, सुटी करून वर्तमानपत्रावर मांडली आणि महिनाभर घरातल्या चहालासुद्धा वंगणाचा वास येत होता. नवीन साखळ्या आल्या, नवीन ब्रेक आले. मागच्या सीटसाठी त्याने एका जुन्या लिफ्टमधल्या खुर्चीचं जाड फोम कापून आणलं. "माझी बहीण बसणार आहे," तो म्हणाला. पुढच्या सीटला फोम नव्हतं, हे वहिनीने बघून ठेवलं.

जोडसायकलची गंमत अशी, की दोघींची पायडलं एकाच साखळीने बांधलेली. एकीचे पाय फिरले की दुसरीचे फिरलेच पाहिजेत. पुढचीच्या हातात हँडल, ब्रेक, गिअर आणि समोरचा सगळा रस्ता. मागचीकडे फक्त पाय, आणि पुढची जे सांगेल ते.

शर्यतीचा सायकलचा रस्ता गावाबाहेरून निघतो, कालव्याच्या कडेने थोडा सरळ चालतो आणि मग डोंगरात शिरतो. तिथे तीन मोठे चढ आहेत. पहिल्या दोघांना कोणी नाव दिलेलं नाही, कारण ते नीट वागतात. तिसऱ्याला सगळे सायकलवाले 'सासू' म्हणतात. त्याचं कसं आहे, की एक वळण संपलं आणि आता तरी समाधान झालं असेल असं वाटावं, तोच पुढे आणखी काहीतरी काढून ठेवलेलं असतं. वहिनीची स्वतःची सासू गरीब गाय होती, आयुष्यात कोणाला टाकून बोलली नाही. त्यामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोघींनाही वाईट वाटलं. चढ पहिल्यांदा चढल्यावर वाटेनासं झालं.

सासूचा माथा ओलांडला की लांब उतार, आणि उताराच्या पायथ्याशी दार. दार म्हणजे दोन खांब. ठरलेली वेळ झाली की त्यांच्यामध्ये दोरी बांधतात. दोरी बांधल्यावर जो येईल त्याची सायकल काढून घेतात, पाण्याची बाटली देतात आणि घरी पाठवतात. त्याला धावायला सोडत नाहीत. दोघींनी पोहून पाहिलं होतं, धावून पाहिलं होतं, त्यात अडचण नव्हती. सगळा प्रश्न त्या दोरीचा होता.

मग दर सुट्टीच्या दिवशी डोंगर. पहिले काही आठवडे नुसतं रडगाणं. दोघी एकाच वेळी उठून पाय मारायला शिकेपर्यंत नाकी नऊ आले. एकदा वहिनीने न सांगता गिअर बदलला आणि वन्संचा पाय पायडलवरून सुटून पोटरी सोलून निघाली. एकदा वन्संनी मागे बसल्या बसल्या शिंक दिली, तर सायकल रस्ता सोडून गवतात. पण वन्संचे पाय म्हणजे पाय होते. वीस वर्षं खुर्चीत बसून फोन जोडणाऱ्या बाईच्या अंगात हे बळ कुठे दडून बसलं होतं, कोण जाणे. चढाला लागलं, की मागून असा दाब यायचा की वहिनीला वाटायचं, कोणीतरी तिला खाली बसवून वर उचलतंय. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती शिकणाऱ्यांना हे सांगायची, त्यांनी विचारलेलं नसताना. "आमच्या वन्सं," ती म्हणायची, आणि शिकणारा चौकातल्या सिग्नलकडे बघत हो हो करायचा.

फक्त वहिनीची जीभ मात्र ड्रायव्हिंग स्कूलमधलीच राहिली.

"वन्सं, झालाच चढ." चढ अर्धा बाकी असायचा. "शेवटचं वळण बरं का." पुढे तीन दिसत असायची. "बघता बघता पोचलो." उतारावर तर ती एका बाजूने "मोकळा आहे रस्ता, काही नाही" म्हणायची आणि दुसरीकडे दोन्ही हातांनी ब्रेक आवळायची. यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. हे खोटं नव्हतंच तिच्या लेखी, हा धीर होता. एवढी वर्षं तिने लोकांना अशाच धीरावर रस्त्यावर आणलं होतं. वन्सं मागे काहीच बोलायच्या नाहीत. एवढी थापा ओळखणारी बाई गप्प का, हा प्रश्न वहिनीला पडायला हवा होता. तो पडला नाही.

शर्यतीला दीड महिना उरला तेव्हा त्यांनी सगळ्या रस्त्याची रंगीत तालीम केली. दादा खाली दाराच्या जागी हातात घड्याळ घेऊन उभा राहिला. पहिले दोन चढ मजेत गेले. सासूवर वारा होता, तरी दोघी चांगल्या चालल्या होत्या. आणि खरोखरच शेवटचं वळण आलं. वहिनीने घड्याळ पाहिलं. आता जोर केला तर वेळेत, नाही तर नाही.

"वन्सं, शेवटचं वळण. जोर लावा."

मागून काही आलं नाही.

"वन्सं, खरंच शेवटचं आहे. लावा जोर."

मागे वन्सं निवांत केळं सोलत होत्या. वळण संपलं, माथा आला, सायकल उताराला लागली, आणि मागून भरल्या तोंडाने आवाज आला, "हे काय, संपलं?"

खाली दादाने घड्याळ खिशात घातलं. शर्यत असती तर दोरी बांधून झाली असती. वहिनी सायकलवरून उतरली आणि तिचं तोंड सुटलं. दादा ते बघून पाणी आणायला म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही.

"घसा फोडून सांगत होते ना, शेवटचं वळण म्हणून!"

"सांगत होतीस. म्हणूनच तर राखून ठेवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं शेवटचं वळण म्हणजे अजून तीन. तुझा 'झालाच' म्हणजे अर्धा. तुझं 'बघता बघता' म्हणजे आज काही खरं नाही. वहिनी, मी पहिल्या महिन्यापासून तुझ्या प्रत्येक शब्दाचा गुणाकार करत्येय. आज तू खरं बोलणार होतीस, तर तसं आधी सांगायचं होतंस."

वहिनीला हसू आलं आणि अर्ध्यातच गेलं. वन्सं मैलाच्या दगडावर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मी तुम्हाला धीर यावा म्हणून..."

"माहिती आहे. मला आयुष्यभर सगळ्यांनी धीरच दिलाय." त्यांनी केळ्याचं साल नीट घडी करून हातात धरलं होतं. "माझे डोळे चालले होते ना, तेव्हा आई म्हणायची, थोडेच दिवस, मग दिसेल. बाबा म्हणायचे, नवीन औषध येतंय. दादा म्हणायचा, परीक्षेपर्यंत सगळं नीट होईल. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की होणार नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. वर्षभर मी रोज सकाळी डोळे उघडून वाट बघायचे. त्या वर्षात मी ब्रेल शिकले असते, काठी धरायला शिकले असते. मी आपली वाट बघत बसले. डोळे गेले त्याचा मला राग नाही गं. त्या वर्षाचा आहे."

त्या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती, आणि हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

"सायकल क्लबातली ती मुलगी आहे ना, शर्यती जिंकते ती," वन्सं म्हणाल्या, "ती म्हणाली, मी बसते पुढे. तिची मी कोणी नाही. ती दिसेल ते सांगेल आणि मोकळी होईल. मला पुढे तूच हवी आहेस, वहिनी. पण यापुढे एकदा जरी 'झालाच' ऐकला, तर मी तिला हो सांगेन. आज, उद्या, शर्यतीच्या दिवशी, केव्हाही."

त्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती आणि नवरा ती पुसत होता.

"मी काय वन्संच्या वाईटावर होते?" ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "आम्हीही नव्हतो."

बराच वेळ तो एकच ताट पुसत राहिला. मग म्हणाला, "लिफ्टमध्ये कोणी अडकलं, की पूर्वी मी बाहेरून ओरडायचो, पाच मिनिटं हं. लागायचा तास. एकदा आतून एक म्हातारी म्हणाली, मेल्या, नक्की किती ते सांग, म्हणजे मी खाली तरी बसते. तेव्हापासून तास लागणार असेल तर मी तास सांगतो. लोक चिडतात. पण खाली बसतात."

"मग वन्संच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मला म्हातारी भेटली नव्हती," तो म्हणाला आणि ताट फळीवर ठेवलं.

खरं बोलणं हे काम वहिनीला सासूच्या चढापेक्षा जड गेलं. पहिल्या दिवशी तिने कानाला खडा लावला आणि मग इतकं खरं बोलली की सोय राहिली नाही. खड्डा सांगितला, दगड सांगितला, मेलेला उंदीर सांगितला, पलीकडून येणाऱ्या ट्रकचा रंग सांगितला. "पुरे," वन्सं मागून म्हणाल्या. "मला रस्ता सांग, बातम्या नकोत." तेव्हापासून ती मोजकंच सांगू लागली. चढ केवढा आहे, टोक दिसतंय की नाही, पुढे किती वळणं. आणि ब्रेक मारताना 'ब्रेक' असं मोठ्याने म्हणायचं, हा नेम त्यांनी ठरवला. त्या पहिल्या उतारावर वहिनी बेडकासारखी ब्रेक ब्रेक ब्रेक करत खाली आली. आपण एवढे ब्रेक मारतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. वन्सं खाली पोचल्यावर पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, "वहिनी, तुला भीती वाटते."

"वाटते," वहिनी म्हणाली. हे तिने तोपर्यंत कोणालाही असं भर रस्त्यात सांगितलं नव्हतं. "मागे तुम्ही असता म्हणून जास्त वाटते."

"मग तेही सांगत जा. मी घट्ट धरीन."

हळूहळू ब्रेक कमी झाले. गुणाकारही बंद झाला असावा, पण तसं वन्संनी सांगितलं नाही आणि वहिनीची विचारायची हिंमत झाली नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिने एका गृहस्थाला "अजून जमत नाही तुम्हाला" असं सरळ सांगून टाकलं. तो आठवडाभर रुसला. मग परत आला आणि म्हणाला, चला, आता शिकवा.

शर्यतीच्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. मांडीला दोरी बांधून दोघी पाण्यात उतरल्या आणि पाणी तर वहिनीचं माहेरच. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मागे अजून बरेच जण हात मारत होते. सायकलवर बसताना वन्सं गाणं गुणगुणत होत्या. पहिला चढ झाला, दुसरा झाला. पण दुसऱ्या उतारावर मागचं चाक फुसफुसलं आणि बसलं. दादाने घरी दोघींकडून दहादा चाक काढायचा सराव करून घेतला होता. वन्संनी नुसत्या बोटांनी टायरमधली काच शोधून काढली आणि वहिनीने ट्यूब बदलली. हात चुकला नाही, तरी वेळ जायचा तो गेलाच. मग वारा उठला, तोही समोरून.

सासूच्या पायथ्याशी त्या पोचल्या तेव्हा वहिनीने घड्याळ पाहिलं.

"किती?" मागून वन्संनी विचारलं.

आता हे कबूल केलं पाहिजे, की वहिनीच्या जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं. आहोत की वेळेत. जमतंय. छान जमतंय. आयुष्यभर ज्याने काम भागवलं ते शब्द असे एका जागी सोडून जात नाहीत. आणि मागे ती बाई सकाळपासून घामाने निथळत होती, पोटरीवर टायरचं काळं लागलं होतं, तिला आणखी वाईट बातमी द्यायची म्हणजे वहिनीच्या जिवावर आलं होतं. तिने तोंड मिटलं. मग उघडलं.

"अख्खी सासू बाकी आहे," ती म्हणाली. "आणि आपल्याला उशीर झालाय. याच वेगाने गेलो, तर दोरी बांधलेली असेल."

पायडलं नुसती फिरत होती. वहिनीला वाटलं, संपलं. आपण एका वाक्यात या बाईचं वर्षभराचं बळ काढून घेतलं. क्लबातल्या मुलीने हे कुठल्या शब्दांत सांगितलं असतं, देव जाणे.

मग उत्तर पायांत आलं. शब्द नाही, काही नाही, पायडलांतून आलं. वहिनीचे पाय तिला न विचारता जोराने फिरायला लागले आणि सायकल चढावर अशी उचलली गेली की तिने हँडल घट्ट धरलं.

"गिअर," वन्सं म्हणाल्या.

"बदलते. आता."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून एक दांडगा तरुण बसला होता, त्याला त्यांनी मागे टाकलं. पुढे एक जण उतरून चालत होता, त्यालाही. वहिनीने वन्संना तेवढं सांगितलं, कारण ते खरं होतं.

अर्ध्यावर वन्संचा श्वास भात्यासारखा वाजायला लागला.

"वहिनी, एकदा तरी म्हण," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"काय?"

"झालाच म्हण."

"नाही म्हणणार."

"एकदाच."

"अर्धा राहिलाय. टोक दिसत नाहीये. अगं, ढकल तू नुसतं!"

लग्न होऊन आल्यापासून वहिनीने पहिल्यांदाच वन्संना 'अगं' म्हटलं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं, पण बोलायला श्वास कोणाकडे होता. वन्सं हसल्याचा फक्त आवाज झाला, आणि पाय पुन्हा आले.

मग वारा एकदम बाजूला झाला आणि वहिनीला ते वळण दिसलं. त्याच्यापुढे फक्त आकाश होतं.

"शेवटचं वळण," ती म्हणाली.

तिने 'खरंच' म्हटलं नाही. 'जोर लावा' म्हटलं नाही. तिचं वाक्य पुरं होईतो मागे वन्सं सीटवरून उठल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, थोडंही राखलं नाही. होतं नव्हतं ते सगळं एकदम पायडलांवर ओतलं. वहिनीही उठली. दोघी एका वेळी डाव्या, एका वेळी उजव्या, सायकल दोघींखाली करकरत होती, आणि वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाऱ्याचं नव्हतं, वारा तर थांबला होता. आपल्या एका वाक्यावर कोणी इतकं काही टाकू शकतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती गर्वाने फुगली होती, आणि त्या घटकेला तिला कोणी विचारलं असतं कशाचा गर्व, तर तिने मागे बोट दाखवलं असतं.

"माथा," ती ओरडली. "उतार. मला भीती वाटतेय. धरा घट्ट."

"धरलंय. सोड."

त्या उतारावर 'ब्रेक' हा शब्द दोनदाच ऐकू आला. खाली दोन खांब होते आणि एक माणूस हातात दोरी घेऊन एका खांबाकडे निघाला होता. वहिनी इतक्या मोठ्याने ओरडली की तो जागच्या जागी थांबला. सायकल त्याच्यासमोरून आत गेली. मग त्याने दोरी बांधली.

सायकल धरायला दादा धावत आला. त्याने एका हाताने बहिणीला धरलं, दुसऱ्याने बायकोला, आणि सायकल पडली ती पडू दिली. तीच सायकल, जिला महिनाभर त्याने कोणाला बोट लावू दिलं नव्हतं.

दोरीवाला जवळ आला. दादाच्या आधाराशिवाय वन्सं उभ्या राहिल्या नसत्या. तो माणूस भला होता. त्याने काळजीने विचारलं, "बाई, अजून सगळं धावायचं बाकी आहे. जमेल ना तुम्हाला? फार दमलेल्या दिसताय. इथे थांबलात तरी कोणी नावं ठेवणार नाही."

वन्संनी मान वहिनीकडे वळवली.

"वहिनी, मी दमलेय का गं?"

वहिनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पायांपासून वरपर्यंत, नवीन गाडी विकत घेताना बघते तसं.

"दमला आहात," ती म्हणाली. "पाय थरथरताहेत. ओठ पांढरे पडलेत, आधी पाणी प्या. पहिला अर्धा तास हाल होतील. पण पळाल."

वन्संनी दादाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"ती म्हणत्येय ना," त्या दोरीवाल्याला म्हणाल्या, "मग पळेन." आणि दोरी बांधायला मनगट वहिनीपुढे केलं.